भिंतीपलीकडचा खो

आमच्या सरांनी आमची एकही शर्यत पाहिली नाही. अहो, खरंच सांगते. ज्या माणसाने आम्हाला धावायला शिकवलं, दर शुक्रवारी सकाळी शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली कॉलेजची बस थांबवायला लावून हॉर्न वाजवला, ज्यांच्यापायी मी शेजाऱ्यांची बोलणी खाल्ली, त्यांनी आम्हाला शर्यतीत धावताना एकदाही पाहिलं नाही. अजमान, रास अल खैमा, दुबई, अल ऐन, जिथे जिथे आंतरकॉलेज स्पर्धा झाल्या तिथे तिथे ते आमच्याबरोबर आले आणि तिथे तिथे फाटकाबाहेर राहिले.

कारण अगदी साधं होतं. मुलींच्या स्पर्धा लेडीज क्लबच्या मैदानावर व्हायच्या. चहूबाजूंनी उंच भिंत, एक फाटक, आणि आत पुरुषाला मज्जाव. मग तो प्रशिक्षक असो नाहीतर कुणाचा बाप.

माझ्या मुलीला परवा हे सांगितलं, तर ती मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणते, "मम्मा, why didn't he just watch the video?" आता आम्ही दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहतो, तिथे लिफ्टमध्येसुद्धा कॅमेरा आहे. तिला काय सांगू कपाळ!

बरं, त्या भिंतीला नावं ठेवायची तरी कशी? ती होती म्हणून तर मी धावले. आमचे अब्बा रत्नागिरीकडचे, रोल्लात त्यांचं कापडाचं दुकान. माझी दहावीपर्यंतची शाळा गावाकडे मराठीतून झाली आणि मग आम्ही सगळे इकडे आलो. पोरगी हाफ पॅन्ट घालून चारचौघांत पळणार, हे ऐकूनच अब्बांच्या हातातला कापड मोजायचा गज खाली पडला असता. सरांनी दुकानात येऊन एवढंच सांगितलं, "आत पुरुषाचं वारंसुद्धा न्हाई. मीसुद्धा न्हाई." अब्बांनी त्यांना चहा पाजला आणि हो म्हणाले. म्हणजे ज्या भिंतीने मला आत घेतलं, तिनेच सरांना बाहेर ठेवलं. हे मला तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला फक्त बूट नवे हवे होते.

सर सांगलीकडचे. काळे, काटकुळे, गळ्यात कायम ओला टॉवेल. शिट्टी खिशात असायची, पण वाजवायचे नाहीत. म्हणायचे, "शिट्टी पोलिसानं वाजवावी. माणसानं माणसाला हाक मारावी." तरुणपणी खो-खो खेळले होते, जिल्ह्यापर्यंत नाव होतं. पण पोट भरायला खो-खो कुठे पुरतो? इकडे आले ते दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून. टायर आणि नटबोल्ट मोजण्यात त्यांची वर्षं गेली. मग कुणाच्या तरी ओळखीने आमच्या कॉलेजात खेळाचे शिक्षक झाले, आणि पन्नाशीला टेकलेला तो माणूस एकदम वीस वर्षांचा झाला. गोदामाबद्दल एकदाच बोलले होते. "पत्र्याखाली ऊन दिसत न्हाई लेकी, नुसतं तापतं."

कॉलेजात आले तर इथे खो-खो कुणाला ठाऊक? स्पर्धेत धावणं, उंच उडी, गोळाफेक. सरांनी काय करावं? आम्हा चौघींची रिले टीम केली आणि रिलेत खो-खो घुसवला. पुढची मुलगी पाठ करून, बॅटनसाठी हात मागे धरून उभी राहणार. मागची जवळ आली की पोटातून ओरडणार, "खो!" आणि तो आवाज कानावर पडल्याशिवाय पुढचीने जागचं हलायचं नाही. मान वळवायची नाही. खो न मिळता उठली की फाउल, हा त्यांच्या लेखी देवाचा कायदा होता.

आमच्या चौघींत मराठी बोलणाऱ्या दोनच. मी आणि दापोलीची शबाना. पहिली धावायची काजल, ती सिंधी, आणि शेवटी बिंदू, ती केरळची. बिंदू सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत भाबडी. मराठीतला तिला एकच शब्द बोलता यायचा, तो खो, बाकीचं ती अंदाजाने ओळखायची. पण काय निष्ठेने पाळायची! एकदा समुद्रावर, सलवार-कमीजवरच, सराव चालू असताना शबानाला मध्येच उचकी लागली आणि ती वाळूत बसली. ही तिकडे पाठ करून, हात मागे धरून उभीच. शेवटी सरांनी जाऊन तिला सांगितलं, "बाई, घरी जायचंय." सर तिच्यावर जाम खूश. म्हणाले, "धावायला काय, कुत्रंबी धावतं. थांबता आलं पाहिजे. ही पोरगी थांबती बघा कशी!"

थांबण्यावर त्यांचं फार प्रेम. शुक्रवारी रोल्लाच्या चौकात आपल्याकडची माणसं सावलीला बसलेली असायची, साइटवरची, वर्कशॉपमधली. कुणाचं तोंड रस्त्याकडे, कुणाचं दुकानाकडे. सर बसच्या खिडकीतून बोट दाखवायचे. "बघा, खो-खोची ओळ बसलीय. एकाचं तोंड हिकडं, एकाचं तिकडं. सगळी खोची वाट बघत्यात." ड्रायव्हर गुलचाचा, पेशावरकडचा माणूस, त्याला यातलं ओ की ठो कळायचं नाही. तरी मान हलवायचा आणि म्हणायचा, "सही बात, मास्टरजी."

मला त्या वर्षातलं सगळ्यांत जास्त काय आठवत असेल, तर ते धुकं. जानेवारीत शारजाच्या किनाऱ्यावर असं धुकं उतरायचं की आपलाच हात आपल्याला परका वाटायचा. समुद्र दिसायचा नाही, नुसता श्वास घेतल्यासारखा आवाज यायचा. बिल्डिंगा गेल्या, रस्ता गेला, लांब कुठेतरी अजानचा सूर तेवढा हवेत तरंगत राहिलेला. आम्हाला वाटलं, आज सुट्टी. सर म्हणाले, "सुट्टी कशाला? डोळं मिटून जेवता येतं, मग पळता येत न्हाई?" चौघींना ओल्या वाळूवर लांब लांब उभं केलं. कोण कुठे आहे, कुणालाच दिसेना. मी त्या पांढऱ्यात एकटी उभी. पायाखाली गार वाळू, कानांत माझंच काळीज. आणि मग धुक्यातून पावलांचा आवाज आला, जवळ आला, आणि काजलचा "खो!" माझ्या पाठीवर पडला. मी धावले. कुठे धावतेय ठाऊक नाही, पुढे शबाना आहे एवढंच ठाऊक. तसं धावणं मला पुन्हा आयुष्यात जमलं नाही. इतकी हलकी मी कधीच नव्हते.

संपल्यावर धुक्यातूनच सरांचा आवाज आला, "झकास! सगळं दिसलं मला." शबाना हळूच मला म्हणाली, "सरांचं डोकं फिरलंय." मीही हसले. पण अजमानला पहिली स्पर्धा झाली आणि हे सगळं कशासाठी चाललं होतं, ते डोक्यात शिरलं.

फाटकावर एक इजिप्तची मॅडम असायची. सगळ्या स्पर्धांची तीच मुख्य, त्यामुळे प्रत्येक गावी तीच भेटायची. धिप्पाड बाई, गळ्यात स्टॉपवॉच, आवाज असा की कबुतरं उडावीत. सरांना बघितलं की हात आडवा. "नो मॅन, मिस्टर. खलास." सर तिला वाकून नमस्कार करायचे आणि डब्यातला शेंगदाण्याचा लाडू पुढे करायचे. लाडू ती घ्यायची, सरांना घ्यायची नाही. दुसऱ्या वेळेपासून तर आधी लाडूसाठी हात पुढे यायचा आणि मग तोच आडवा व्हायचा.

आम्ही आत गेलो की सर काय करायचे, ते गुलचाचाने सांगितलं म्हणून कळलं. ते भिंतीला कान लावून उभे राहायचे. आत बंदूक वाजली की बाहेर हे भिंतीच्या कडेकडेने धावत सुटायचे, गळ्यात टॉवेल, पायात कॅनव्हासचे बूट. पहिला खो ऐकू आला की "काजल झाली" म्हणायचे, दुसऱ्याला माझं नाव, तिसऱ्याला शबानाचं. मग थांबून, डोळे मिटून, बिंदूसाठी मनातल्या मनात पळायचे. आमचे खो हेच त्यांचे डोळे होते. त्यासाठीच पोटातून ओरडायला शिकवलं होतं त्यांनी.

अजमानला त्यांना पोलिसाने धरलं. साहजिकच आहे हो, लेडीज क्लबच्या भिंतीला लागून एक म्हातारबा पळतोय म्हटल्यावर कुणीही धरेल. सर त्याला धापा टाकत म्हणाले, "साहब, रेस अंदर है. मैं बाहर का लेन हूँ." पोलिसाने गुलचाचाकडे बघितलं. चाचाने कानशिलाजवळ बोट गोल फिरवलं. पोलीस हसला, गाडीतून थंड पाण्याची बाटली काढून दिली आणि निकाल लागेपर्यंत तिथेच थांबला. आम्ही शेवटून दुसऱ्या आलो होतो. ऐकून सरांपेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटलं म्हणे.

रास अल खैमाला वारा इतका होता की खो भिंतीपलीकडे जाईना. मी तर असा ओरडले की दोन दिवस घसा बसला. अम्मी म्हणाली, "पायांनी धावतेस की तोंडाने?" पण सरांनी तिन्ही खो ऐकले आणि आम्ही चौथ्या आलो. दुबईला तिसऱ्या. आम्ही सुधारत होतो, आणि ते सुधारणं नुसतं हौसेचं राहिलं नव्हतं. प्रिन्सिपॉलसाहेबांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सरांना ऑफिसात बोलावून सांगितलं होतं की अल ऐनच्या फायनलमध्ये पहिल्या तिनांत या, नाहीतर पुढच्या वर्षी स्पोर्ट्स बंद आणि तुमची पोस्टही बंद. पोस्ट गेली की व्हिसा गेला. गोदामाचा मालक त्यांना परत घ्यायला तयार होता, म्हणजे उपाशी मरायची वेळ नव्हती. पण मैदान सुटणार होतं. दुबईहून परतताना बसमध्ये त्यांनीच आम्हाला हे सांगितलं, अगदी उद्या डबा काय आणायचा ते सांगावं तसं. बिंदूला हिंदीतून समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "Sir, we will come first." सर म्हणाले, "तिसरं आलं तरी चालतंय बाळ. लई हाव नको."

अल ऐनला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. लांबवर डोंगर, निळा आणि सपाट, पाण्यात पडलेल्या सावलीसारखा. खजुराच्या बागांवरून गरम वारा येत होता आणि सगळं जरा हलत होतं, रस्ता, फाटक, फाटकावरची मॅडम. तिने लाडू घेतला, हात आडवा केला आणि आज पहिल्यांदाच "गुड लक, मिस्टर" म्हणाली.

आत पाऊल टाकलं आणि बघते तर काय! आजवरच्या स्पर्धा कशा, चार मैत्रिणी आणि दोन मॅडम बघायला. फायनलला मात्र अख्खं स्टेडियम भरलेलं. इथल्या कॉलेजच्या मुली, त्यांच्या आया, मावश्या, आज्या. ढोल होते, डफ होते, आणि अरबी बायका जीभ हलवून तो लग्नघरातला आनंदाचा आवाज काढतात ना, तो एकदम शंभर गळ्यांतून उठत होता. फार सुंदर होतं ते. मी हरखून उभीच राहिले. हा आवाज आपल्या मुळावर येणार आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं असतं?

बंदूक वाजली. काजल चांगली सुटली. तिचा खो मला ऐकू आला कारण आमचा कोपरा स्टँडपासून लांब होता. मी धावले, शबानाला खो दिला आणि गुडघ्यांवर हात ठेवून बघत राहिले. शबाना काय पळाली त्या दिवशी! आम्ही दुसऱ्या होतो. देवाशपथ, दुसऱ्या होतो. समोर बिंदू पाठ करून उभी, हात मागे, मान सरळ, अगदी शिकवल्याबरहुकूम. नेमका तोच कोपरा त्या भरलेल्या स्टँडखाली होता. यजमान कॉलेजची मुलगी पुढे निघाली आणि सगळं स्टेडियम उठलं. ढोल, डफ, तो आनंदाचा आवाज. शबानाचं तोंड उघडलेलं मला दिसलं. गळ्याच्या शिरा दिसल्या. ती खो म्हणाली होती. पण तिचा तिला तरी ऐकू आला असेल की नाही, अल्ला जाणे.

बिंदू हललीच नाही. शेजारच्या दोघी तिच्यादेखत निघून गेल्या, तरी ती खांबासारखी उभी. खो मिळाला नव्हता ना! मी इकडून किंचाळतेय, "भाग, बिंदू, भाग!" आणि शबाना जाऊन तिच्या पाठीवर आदळली. मग निघाली ती, आणि वेड्यासारखी पळाली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आम्ही चौथ्या आलो.

बाहेर यायचा कुणाला धीर होईना. बिंदू भिंतीकडे तोंड करून रडत होती. कप वाटले गेले, ढोल थांबले, बायका निघाल्या. शेवटी आम्ही एकमेकींना धरून फाटकाबाहेर आलो. सर बसच्या पायरीवर बसले होते. आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाले, "तिसरा आला न्हाई."

गुलचाचाने मागाहून सांगितलं. दोन खोंपर्यंत ते भिंतीकडेने धावले. तिसऱ्याच्या जागी येऊन थांबले आणि तिथेच उभे राहिले. चाचाने हाक मारली, तरी हलले नाहीत. म्हणजे भिंतीच्या आत बिंदू आणि बाहेर सर, दोघं एकाच खोची वाट बघत उभे होते.

बिंदू हुंदके देत म्हणाली, "Sir, I did not hear. मैंने सच में नहीं सुना."

"अगं, मला न्हाई ऐकू आला, तर तुला कसला येतोय?" सरांनी गळ्यातला टॉवेल काढून तिच्या हातात दिला. मग खाली बघत बोलले, "चूक तुमची न्हाई. तुम्हाला डोळं होतं. मान वळवून बघितलं असतं, तर जिंकला असता. खो तुमच्यासाठी नव्हताच पोरींनो. माझ्यासाठी होता. मला बघायचं होतं."

पुढच्याच महिन्यात ते गोदामात परत गेले. रास अल खोरला, त्याच पत्र्याखाली. कॉलेजात रिले बंद झाली आणि मैदानाच्या जागी पार्किंग झालं. पण मी सांगतेय ती संध्याकाळ अजून संपलेली नाही.

मला राग आला होता. कुणाचा, ते विचारू नका. सरांचा, ढोलांचा, अब्बांचा, त्या भिंतीचा, सगळ्यांचाच. मी तशीच फाटकाकडे गेले. मॅडम कुलूप लावायच्या तयारीत होती. हिंदी, इंग्लिश, जे तोंडात आलं ते बोलले. "मॅडम, रेस फिनिश. लेडीज सब गई. अब अंदर कौन है, जिसको वो देखेगा? पूरा साल बाहर खड़ा रहा. He never saw us race. Not one time!" बोलता बोलता रडायलाच लागले मी.

मॅडमने माझ्याकडे बघितलं. मग बसच्या पायरीकडे बघितलं. आत जाऊन एक चक्कर मारून आली, कुणी राहिलं नाही ना ते बघून. आणि तिने आपला तो आडवा हात बाजूला घेतला. "फाइव्ह मिनिट्स, मिस्टर. यल्ला, जल्दी."

सरांना पटेना. दोनदा विचारलं, "मी?" मग फाटकातून आत आले, वाकून त्या लाल ट्रॅकला हात लावला आणि कपाळाला लावला, गावाकडच्या मैदानावर लावतात तसा. ऊन डोंगरामागे गेलं होतं. रिकाम्या खुर्च्या, पडलेल्या फुलांच्या पाकळ्या, आणि सगळं स्टेडियम गुलाबी धूसर झालेलं. ते मधोमध उभे राहिले, सगळीकडे बघता यावं म्हणून. आम्ही चौघी आपापल्या जागी गेलो.

सरांनी हात वर केला. "ओरडायचं न्हाई आज. बघून पळा. मी पण बघतोय."

आम्ही धावलो. पावलांशिवाय आवाज नव्हता. मी मान वळवून काजलला येताना पाहिलं, बॅटन घेतलं, शबानाने मला पाहिलं, बिंदूने शबानाला पाहिलं आणि ती वेळेवर निघाली. सर जागच्या जागी आमच्याबरोबर गोल फिरत होते, देवळात प्रदक्षिणा घालतात तसे स्वतःभोवतीच. बिंदूने रेघ ओलांडली आणि ती तिथेच आडवी झाली.

सर तिच्याजवळ गेले. "पुढं कोण होतं गं?"

बिंदूने पडल्या पडल्या इकडे तिकडे पाहिलं. "कोई नहीं, सर."

ते हसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला टॉवेल नव्हता, तो बिंदूकडेच राहिला होता. मॅडमने घड्याळाकडे बघून घसा खाकरला. सर वळले आणि तिला नाही, आम्हालाच म्हणाले, अगदी हळू, मागावं की मागू नये असं वाटून, "आणखी एकदा?"

आमच्यात उभं राहायचंही त्राण नव्हतं. मॅडमने स्टॉपवॉच गळ्यातून काढलं, बाकावर ठेवलं आणि स्वतःही बसली. सगळ्यांच्या आधी बिंदू उठली, आणि मग आम्ही तिघीही पुन्हा आपापल्या जागी जायला निघालो.